तीन गठ्ठे

ताईचा फोन आला, की पोरगी शनिवारी रोजगार मेळाव्याला चाललीय, तिला दोन शब्द सांग. दोन शब्दांत भागणार नाही म्हणून लिहूनच पाठवतोय. कॉलेजातल्या सरांनी तुला आत्मविश्वास ठेव, हसतमुख राहा एवढं सांगितलंच असेल. ते मी परत सांगत नाही. मी वीसेक वर्षं मेळाव्यात टेबलाच्या पलीकडे बसलोय, पाठीमागे कंपनीचा फ्लेक्स लावून. पलीकडून काय दिसतं, तेवढंच सांगतो.

पलीकडून दुपारी बारानंतर चेहरे दिसतच नाहीत, पोरी. नुसते शर्ट दिसतात आणि पुढे येणारे कागद दिसतात. मांडवात पंखा असतो, पण तो स्टेजकडे फिरवलेला असतो. पाण्याची बाटली सकाळीच संपलेली असते. सकाळी अकराला बसलेला माणूस चारपर्यंत दीडशे जणांशी बोलतो. हिशोब कर, एकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत आमच्या हातून एकच काम होतं, ते म्हणजे तुझा बायोडेटा तीनपैकी एका गठ्ठ्यात पडतो. उजव्या हाताला ज्यांना कंपनीत बोलवायचं त्यांचा गठ्ठा. डाव्या हाताला 'बघू' म्हणायचे ते. आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाच्या आत, पायाशी, एक पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यातले बायोडेटा आम्ही इमानदारीने कंपनीत घेऊन यायचो, आणि दिवाळीच्या साफसफाईला ते रद्दीत जायचे. 'बघू'वाल्या गठ्ठ्याकडे उजवा गठ्ठा कमी पडला तरच हात जायचा.

तर तुला शनिवारी कोणावर छाप पाडायची नाहीये, तुझा कागद उजवीकडे पडेल एवढंच बघायचंय.

हे मला कोणी शिकवलं ते सांगतो. १९८६ साली मी वाळूजला एका कारखान्यात टाइम ऑफिसात लागलो. आदल्या वर्षी तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला होता आणि त्याला माल पुरवणारे छोटे कारखाने भराभर उभे राहत होते. तेव्हा मेळावे नव्हते. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं, कार्ड जपायचं, मुदतीत त्याचं नूतनीकरण करायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. 'कॉल' आला का, हा घरोघरचा प्रश्न होता. आमच्या ऑफिसात एक जुने हेडक्लार्क होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात मी एक रजेचा अर्ज साहेबांपुढे नेला, तर तात्यांनी वाटेत अडवला. म्हणाले, "यावर किती रजा शिल्लक आहे ते लिहिलंस का? नाही? मग साहेब विचारणार, तू परत येणार, रजिस्टर काढणार, परत जाणार. कागद असा ने, की साहेबाला फक्त सही करायची राहील." पुढे पस्तीस वर्षं मी त्या एका वाक्यावर नोकरी केली. मेळाव्यातही तेच चालतं. समोरच्या दमलेल्या माणसाला फक्त कागद उजवीकडे ठेवायचं काम शिल्लक राहिलं पाहिजे.

आता कामाचं.

मेळाव्याची खरी तयारी आदल्या रात्री होते. सरकारी मेळावा असेल तर महास्वयमच्या पोर्टलवर कुठल्या कंपन्या येणार, कोणत्या जागा, किती, शिक्षण काय, ही यादी आधीच टाकलेली असते. तिथे नाव नोंदवून त्या जागांना अर्जही करून ठेव. यादीत वीस-पंचवीस नावं असतील, त्यातली चार निवड. आमच्याकडे यायची ती पोरं पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत बायोडेटा वाटत यायची, लग्नात अक्षता वाटाव्यात तशी. "कोणत्या जागेसाठी?" विचारलं की उत्तर यायचं, "कोणतीही चालेल सर." 'कोणतीही'साठी आमच्याकडे जागाच नसायची. ऑपरेटर हवा असायचा, इन्स्पेक्टर हवा असायचा, स्टोअरला माणूस हवा असायचा. 'कोणतीही चालेल' म्हणणारा कागद कुठे जायचा ते तुला आता माहीत आहे.

निवडलेल्या चार कंपन्या बनवतात काय, एवढं शोध. वेबसाइटवरचं 'आमचं ध्येय, आमची दृष्टी' वाचायची गरज नाही, ते आम्हीपण वाचलेलं नसतं. प्रेस शॉप आहे का मशीन शॉप, कास्टिंग बाहेरून आणतात का घरी ओततात, माल दुचाकीला जातो का चारचाकीला, असं बघ. तुमच्याच गावातला कोणीतरी वाळूजला, चिकलठाण्याला किंवा शेंद्र्याला जात असेल. त्याला संध्याकाळी बसमधून उतरल्यावर गाठून पाच मिनिटं बोललीस तर वेबसाइटच्या दहापट कळेल. एकदा एका पोराने मला विचारलं, "सर, तुमच्याकडे गियर शेव्हिंग होतं का ग्राइंडिंग?" मी तर पर्सोनेलचा माणूस, मला घंटा कळलं नाही. पण शेजारी बसलेले प्रोडक्शनचे साहेब चहाचा कप खाली ठेवून सरळ बसले. पुढचं मी काहीच बोललो नाही.

बायोडेटा एक पानी कर. सायबर कॅफेवाला तीन पानी करून देईल, रंगीत किनार टाकेल, ऐकू नकोस. 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' म्हणून जो इंग्रजी परिच्छेद सगळ्यांच्या बायोडेटावर असतो तो काढून टाक. दीडशे कागदांवर तोच परिच्छेद वाचल्यावर काय वाटतं ते मी तुझ्या आईसमोर बोलू शकणार नाही. 'छंद : गाणी ऐकणे' हेही काढ. त्या जागेत तुमचं डिप्लोमाचं ड्रिल जिगचं प्रोजेक्ट लिही, आणि 'टीमने बनवले' असं न लिहिता तू स्वतः काय केलंस ते लिही. बुश तू बसवलेस ना? भोकांच्या मापांची तपासणी तू केलीस ना? मग तेच. एखाद्या सेमिस्टरला विषय राहिला असेल तर लपवू नकोस, नंतर कधी निघाला ते लिही. मार्कशीट शेवटी बघतातच, आणि लपवलेलं सापडलं की राहिलेल्या विषयापेक्षा लपवल्याचाच राग येतो.

आणि आता खरा कानमंत्र. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात वर, टेबलाजवळ जायच्या आधी, पेनाने ठळक तीन गोष्टी लिही : कोणत्या जागेसाठी, राहायला कुठे आणि कधीपासून येऊ शकते. 'क्वालिटी इन्स्पेक्टर – पैठण – लगेच.' बस. हे आम्ही स्वतः लिहायचो गं प्रत्येक कागदावर! उमेदवार बोलत असायचा आणि आमची मान खाली, कोपऱ्यात तेच खरडत. तू लिहून आणलंस, तर तेवढा वेळ तो माणूस मान वर करून तुझ्याकडे बघेल. दोन मिनिटांतलं ते अर्धं मिनिट फुकट मिळालेलं आहे.

बारा प्रती ने. मूळ सर्टिफिकेटं न्यायची ती फक्त दाखवायला, कोणाच्या हातात सोडून यायची नाहीत. 'व्हेरिफिकेशनला ठेवून जा' म्हणणाऱ्याला झेरॉक्स दे आणि पुढे हो.

फोन नंबर मात्र स्वतः मोजून बघ. हसू नकोस. एका मेळाव्यात एक फिटर आला होता, आयटीआय झालेला. हात काळे, बोलणं मोजकं, उजव्या गठ्ठ्यात सगळ्यात वर त्याचा कागद होता. सोमवारी फोन लावायला घेतला तर नंबर नऊच आकडी. मी आकडे जोडून दोन-तीन प्रयत्न केले आणि सोडून दिलं, दुसऱ्याला बोलावलं. कागदावर त्याच्या गावाचं नाव होतं, तालुका होता. आठ आण्यांचं पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पोचलं असतं. नाही टाकलं. घाई होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मेळाव्याला सकाळी नऊला पोच. रजिस्ट्रेशनच्या रांगेत टोकन मिळतं, आजकाल क्यूआर कोड असतो. मग उद्घाटन. पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलन होतं, सत्कार होतात, प्रत्येकाचं मनोगत होतं. तुम्हाला खुर्च्यांवर बसवून ठेवतील. तोवर टेबलं कुठे कुठे मांडलीत ते बघून ठेव आणि आपल्या चार कंपन्यांचा क्रम लाव. भाषणं संपली की सगळी गर्दी दाराजवळच्या पहिल्या दोन टेबलांवर तुटून पडते. तू कोपऱ्यातल्याकडे जा. आणि ज्या कंपनीत तुला सगळ्यात जास्त जायचंय तिच्याकडे पहिली जाऊ नकोस, दुसरी किंवा तिसरी जा. पहिल्या टेबलावर जीभ अडखळतेच, ती अडखळू दे जिथे फारसं बिघडणार नाही तिथे. जेवणाची वेळ टाळ. एक ते दोन आम्ही पुरी-भाजीच्या डब्यात तोंड घालून बसलेलो असतो, तेव्हा आलेल्याला 'ठेवून जा' एवढंच ऐकू येतं.

मैत्रिणींबरोबर जा, पण टेबलापाशी एकटी उभी राहा. तिघीजणी मिळून आल्या की आम्हाला तिघींचं मिळून एकच काहीतरी आठवतं. आणि दाजींना सांग, मी सांगितलंय म्हणून सांग, की त्यांनी गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यावा. मुलीला 'तुझं नाव काय' विचारलं की मागून वडील नाव सांगतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय. त्यांचा जीव तुटतो, मला कळतं. पण टेबलावरचा माणूस विचार करतो, मशीन बंद पडलं तर ही बाबांना फोन लावेल.

बोलायचं कसं? 'मायसेल्फ' या शब्दाने सुरुवात करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. समोरचा मराठीत बोलला तर मराठीत बोल, हिंदीत बोलला तर हिंदीत. इंग्रजीत विचारलं तर येईल तेवढ्या इंग्रजीत चार वाक्यं बोल, न अडखळण्याची अट नाही. पाठ केलेलं भाषण मात्र लगेच ओळखू येतं, डोळे वर जातात बोलणाऱ्याचे. तुझं असं असू शकतं : "सर, यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. प्रोजेक्टला आम्ही फ्लँजला चार भोकं पाडायचं जिग बनवलं, त्यातलं बुश बसवणं आणि माप तपासणं माझ्याकडे होतं. तुमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा आहे, तिच्यासाठी आलेय." झालं. यापुढे तोच विचारेल. जिगमुळे काय फायदा झाला, आधी प्रत्येक पीसवर मार्किंग-पंचिंग करावं लागायचं ते कसं वाचलं, हे विचारल्यावर सांग, सगळं आधीच ओतून टाकू नकोस.

टेबलावर बहुधा दोघं असतात. एक माझ्यासारखा, एचआरचा. दुसरा शॉप फ्लोअरवरचा. दुसरा फारसा बोलत नाही, मधूनच विचारतो, "व्हर्नियरचं लीस्ट काउंट किती?" तुमच्या लॅबमधल्या नेहमीच्या व्हर्नियरचं ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचं ०.०१. हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. गो-नो गो गेजने काय कळतं आणि काय कळत नाही, हेही विचारतात. पीस पास का फेल एवढं कळतं, माप किती ते कळत नाही. सीएनसीचं लिहिलं असशील तर जी-०० आणि जी-०१ मधला फरक, एम-०३ कशासाठी. आणि जे येत नाही ते येत नाही म्हण. एक मुलगा म्हणाला होता, "सर, प्रोग्राम लोड करून सायकल स्टार्ट केलंय, ऑफसेट सरांनी घेतला होता. मी बघितलाय, घेतला नाही." आमच्या साहेबांनी त्याला तिथल्या तिथे उजवीकडे टाकला. मला म्हणाले, याने मशीन ठोकलं तर निदान खरं सांगेल.

तुझी कॉमर्सवाली मैत्रीण येतेय ना, तिलाही हेच लागू. 'टॅली येतं' सगळेच लिहितात. तिने नुसतं एवढं म्हणून बघावं, की दर महिन्याला भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत जातो आणि ३-बी वीस तारखेपर्यंत, आणि कॉलेजच्या शेजारच्या दुकानाची बिलं मी दोन महिने टाकलीत. अकाउंटंटचा चेहरा बघ मग.

कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, घालून सवय असलेले. पायात बंद बूट असले तर मुलाखतीनंतर कोणी प्लँट दाखवायला नेलं तरी अडत नाही. यावर आणखी काही बोलण्यासारखं नाही.

एक अवघड गोष्ट. मुलगी समोर आली की टेबलावरचा माणूस विचारतो, "नाइट शिफ्ट जमेल का? घरचे पाठवतील का? लग्न कधी?" मीही विचारायचो. आज वाटतं, चुकीचं होतं ते. मुलाला मी कधी विचारलं नाही की लग्न झाल्यावर तू राहणार का. पण तुला विचारतील. चिडू नकोस, आणि खाली मान घालून 'घरी विचारून सांगते' तर मुळीच म्हणू नकोस, ते म्हटलं की कागद डावीकडे सरकतो. उलट विचार, "रात्रपाळीला मुलींसाठी कंपनीची बस असते का? कुठपर्यंत येते?" बाईमाणसाला रात्री कामावर बोलवायचं तर तिची संमती, ने-आण, सुरक्षा हे सगळं कंपनीनेच बघायचं असतं. त्यामुळे हा प्रश्न म्हणजे आगाऊपणा नाही, कामावर यायची तयारी आहे. हे घरी मात्र आजच बोलून घे. शनिवारी दाजी चहा पीत असताना नको.

पगाराचं शेवटी, त्यांनी काढल्यावर. पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही. पहिला, जागा कंपनीच्या रोलवर आहे का ठेकेदाराच्या. फ्लेक्सवर मोठ्या कंपनीचं नाव असतं आणि नेमणूकपत्र तिसऱ्याच एजन्सीचं येतं, हे मेळाव्यात नेहमीचं आहे. त्यात फसवणूकच असते असं नाही, पहिली नोकरी म्हणून घ्यायलाही हरकत नाही, फक्त माहीत असलं पाहिजे. आणि 'अप्रेंटिस' म्हटलं तर ती १९६१च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी असते. विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही, आणि वर्षानंतर ठेवून घेतीलच असं नाही. सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच. २०२४ला सुरू झाली तेव्हा डिप्लोमावाल्याला महिना आठ हजार ठरले होते. शिकायला बरं, पण ती कायम नोकरी नव्हे.

दुसरा प्रश्न, सांगितलेला आकडा सीटीसी आहे का हातात येणारा. समज, ग्रॉस पंधरा हजार आहे आणि पीएफ त्या पुऱ्या रकमेवर कापला. तुझा बारा टक्के पीएफ १,८०० गेला. ईएसआयसी २१,००० पगारापर्यंत लागू असतं, त्याचा तुझा वाटा पाऊण टक्का, ११३. व्यवसाय कर महाराष्ट्रात बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे, तुझ्या वर्गातल्या पोराला मात्र महिन्याचे दोनशे द्यावे लागतील. तुझ्या हातात १३,०८७. आणि कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ईएसआयसी ४८८ धरून सीटीसी सांगते १७,२८८. तिन्ही आकडे खरेच. म्हणून घरी आईला सांगताना तेरा सांग, सतरा सांगू नकोस. नाहीतर पहिल्या पगाराच्या दिवशी घरात रडारड.

नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग डिपॉझिट', 'युनिफॉर्म', काहीही म्हणो, तिथून सरळ उठ. पगार देणारा आधी पैसे घेत नसतो.

प्रत्येक टेबलावरून उठल्यावर बाजूला होऊन वहीत लिही : कोण भेटलं, काय विचारलं, काय आलं नाही, कधी फोन करणार म्हणाले. चौथ्या टेबलापर्यंत सगळं कालवलं जातं डोक्यात. कार्ड किंवा नंबर दिला असेल तर संध्याकाळी एक मेसेज टाक, नाव, जागा, आज भेटले, एवढाच. 'गुड मॉर्निंग'ची फुलं रोज पाठवू नकोस. एकाने मला महिनाभर पाठवली, त्याचा नंबर मी शेवटी ब्लॉक केला, आणि पोरगा चांगला होता. आठ दिवसांत काही आलं नाही तर एकदा फोन कर, सकाळी अकरानंतर. त्याआधी एचआरवाला कोण आलं कोण नाही यात गुंतलेला असतो.

आणि पुढचा आठवडाभर अनोळखी नंबर उचल. आम्ही दोनदा लावायचो, तिसऱ्यांदा गठ्ठ्यातला पुढचा कागद. परवा मी तुला फोन केला तेव्हा अर्धं मिनिट ते 'झिंगाट' वाजत होतं. मामा आहे म्हणून ऐकून घेतलं. आज रात्री ती कॉलर ट्यून काढ, उद्या सकाळी मी लावून बघणार आहे.